अंगणातून रस्त्यापर्यंत काँक्रीटच्या पायऱ्या: सिमेंट ५ गोणी की ३०?

पागोळी

नमस्कार मंडळी. रत्नागिरी जिल्ह्यात आमचं गावचं घर रस्त्याच्या खालच्या अंगाला आहे. अंगणातून रस्त्यावर चढायला आजोबांच्या वेळच्या चिऱ्याच्या पायऱ्या आहेत. त्यांतल्या चार झिजून उतरत्या झाल्यात, दोन हलतात. आई ७४ वर्षांची, गुडघे दुखतात, आणि गेल्या श्रावणात ती तिसऱ्या पायरीवरून घसरली. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून पावसाळाभर ती रस्त्यावर येतच नाही. म्हणून या उन्हाळ्यात काँक्रीटच्या पायऱ्या करायचं ठरवलंय. मिरगाच्या आत काम आटपायला हवं.

मापं अशी: अंगणापासून रस्त्याची उंची साडेपाच फूट, आडवं अंतर १० फूट, रुंदी ४ फूट. पायरी ६ इंच उंच आणि १२ इंच रुंद धरली, म्हणजे ११ पायऱ्या. एक पायरी ४ × १ × अर्धा फूट म्हणजे २ घनफूट, अकरांचे २२ घनफूट. १ : दीड : ३ च्या (सिमेंट : वाळू : खडी) मालाला नेटवरच्या कॅल्क्युलेटरने सिमेंटच्या ५ गोणी सांगितल्या. मिस्त्रींनी मात्र ३० गोणी, पाऊण ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) वाळू आणि एक ब्रास खडी लिहून दिली आहे.

पाच कुठे, तीस कुठे! भावाला वाटतं मिस्त्री फसवतायत. मला तसं म्हणवत नाही, आमचा गडगा त्यांनीच बांधलाय आणि तो आजही ओळंब्यात आहे. पण मी ठाण्यात, काम गावाला. चुकतंय कोण, हे मला कळायला हवं.

सूतदोरी

दोघंही नाही. मिस्त्री अख्खा भरीव ठोकळा धरतायत, तुम्ही फक्त वरची बिस्किटं मोजताय. बाकीचं ओळंबाकाका सांगतील, ते येईपर्यंत थांबा.

ओळंबा

आलो. ३१ वर्षं साइटवर काढली, त्यातली निम्मी घाटात आणि कोकणात, म्हणून जरा लांबण लावतो.

पागोळीताई, तुमच्या हिशेबात अकराही पायऱ्या एकाच पातळीवर जमिनीला टेकल्या आहेत. खरं तर खालच्या पायरीखाली काही नाही, दुसरीखाली एक थर, तिसरीखाली दोन, असं चढत जातं. शिवाय अकराव्या चढीला तुम्ही थेट रस्त्यावर पाय ठेवता. चढ्या ११ असल्या तरी पाऊल ठेवायच्या जागा १०च. ही एकाची चूक मी शिकलेल्या लोकांनाही करताना पाहिली आहे.

सगळं भरीव केलं तर १ + २ + ३ + … + १० = ५५ थर, प्रत्येकी २ घनफूट, म्हणजे ११० घनफूट. दहा टक्के नासधूस धरून १२१. कोरडा माल काढायला १.५४ ने गुणा: १८६. भाग साडेपाच (१ + दीड + ३), त्यातला एक भाग सिमेंट, म्हणजे जवळपास ३४ घनफूट. गोणीत सव्वा घनफुटाला जरा कमी सिमेंट असतं, म्हणून २८ गोणी. वरच्या गिलाव्याची आणि किरकोळ मिळून तीस. खडी १०१ घनफूट, म्हणजे बरोबर एक ब्रास. तुमच्या मिस्त्रींनी एक गोणही जास्त लिहिलेली नाही. भावाला हे जरूर सांगा.

पण भरीव ठोकळा करायची गरज आहे का, हा खरा प्रश्न. त्यासाठी दोन गोष्टी सांगा. जुन्या पायऱ्यांखाली काय आहे, कातळ, मुरूम की भराव? आणि ही साडेपाच फूट उंची मोजली कशी?

पागोळी

काका, तुम्ही मिस्त्रींचा हिशेब असा उलगडून दाखवलात, डोक्यावरचं ओझं उतरलं. आजच भावाला वाचून दाखवलं.

उंची टेपने मोजली. भाच्याने वरून टेप सोडला, मी खाली धरला. जुन्या पायऱ्यांखाली काय आहे ते माहीत नाही. पुढच्या शनिवारी गावाला जातेय, दोन पायऱ्या उखडून बघते.

आणि ते १.५४ कुठून आलं?

ओळंबा

डबाभर शेंगदाणे घ्या आणि त्यावर वाटीभर रवा ओता. डब्याची पातळी जवळपास तेवढीच राहते, रवा फटींत शिरतो. खडीच्या फटीत वाळू आणि वाळूच्या फटीत सिमेंट असंच बसतं. म्हणून एक घनफूट ओलं, ठोकून बसवलेलं काँक्रीट हवं तर सुटा माल दीडपट लागतो. गिलाव्यात खडी नसते, तिथे साधारण १.३३ पुरतं.

उंची टेपने मोजू नका. पाण्याची पारदर्शक नळी घ्या, एक टोक रस्त्याच्या कडेला, दुसरं अंगणात उभ्या काठीला. बुडबुडा राहू देऊ नका.

कातळसडा

माझा अनुभव सांगतो, कारण माझे पैसे त्यात बुडाले. सहा वर्षांपूर्वी आमच्या पडवीसमोर सात पायऱ्या केल्या, भरीव. आत चिऱ्याचे तुकडे आणि माती भरून वर चार इंच काँक्रीट. माती ठोकून बसवली होती असं मला सांगण्यात आलं, आणि मी बघायला नव्हतो. पहिला पावसाळा ठीक गेला. दुसऱ्या पावसाळ्यात घराच्या भिंतीपासून बोटभर फट पडली, गणपतीपर्यंत त्यात हात जायला लागला. आतली माती बसली आणि पायऱ्या पुढे झुकल्या. शेवटी पहार लावून सगळं फोडलं.

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. भरावात एकदा पाणी शिरलं की वरचं काँक्रीट कितीही चांगलं असो, ते लोंबकळत राहतं. गोणी मोजण्याआधी खालची जमीन बघा, ताई.

दूरदेशी

मी न्यू जर्सीत असते, मागच्या अंगणात पाच पायऱ्या केल्या तेव्हा हाच गुंता झाला होता. इथे वाळू-खडी-सिमेंट एकत्र केलेली ८० पौंडांची पिशवी मिळते, तिच्यातून फक्त ०.६ घनफूट काँक्रीट निघतं. ११० घनफुटाला १८३ पिशव्या झाल्या असत्या! शिवाय हिवाळ्यात माती गोठून फुगते, म्हणून पाया ३ फूट खाली न्यावा लागला, आणि पायऱ्यांपेक्षा पायालाच जास्त माल गेला. तुमच्याकडे गोठण नाही, पण पाऊस आहे. पाण्याची वाट आधी काढा.

पागोळी

जाऊन आले. आईने मोजणीसाठी चहा घेऊन अंगणात खुर्ची टाकली आणि नळी तिनेच धरली.

नळीने उंची ५ फूट ८ इंच निघाली, साडेपाच नव्हे. अंगण रस्त्याच्या दिशेने थोडं चढतं, आणि मी टेप तिथे टेकवला होता.

खालच्या सहा-सात फुटांत दोन पायऱ्या काढल्या तर खाली जांभा कातळ आहे, पहारीला ठणठण वाजतो. वरचे तीन फूट मात्र रस्त्याचा भराव: माती, दगड, जुन्या डांबराचे तुकडे.

आता पायऱ्या १२ करायच्या का?

ओळंबा

नको. ६८ इंच भागिले ११, म्हणजे ६ इंच दीड सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). सगळ्या चढ्या तेवढ्याच करा. पहिल्या दहा ६ इंचांच्या करून शेवटची आठ इंचांची ठेवली तर आई नेमकी तिथेच अडखळेल. पाय चढताना पहिल्या दोन पायऱ्यांत उंची शिकतो आणि पुढे न बघता तीच धरतो. दुप्पट चढ अधिक रुंदी मिळून २४ इंचांच्या आसपास आलं की चाल सहज पडते, तुमचं साडेचोवीसच्या आत येतंय.

आता जमीन कळली, तर ठोकळा सोडून द्या. उतार तसाच तासून घ्या, त्यावर ५ इंच जाडीचा तिरपा स्लॅब, आणि त्यावर पायऱ्यांचे त्रिकोण. ओतकाम एकत्रच. हिशेब असा.

एका पायरीची तिरपी लांबी १३.४ इंच, दहांची मिळून ११ फूट २ इंच. गुणिले ४ फूट, गुणिले ५ इंच: १८.६ घनफूट. एक त्रिकोण म्हणजे पायरीच्या ठोकळ्याचा निम्मा, १ घनफूट. दहांचे १०. खाली पायऱ्या घसरू नयेत म्हणून १ × १ फुटाची आडवी टाच, ४ घनफूट. वर रस्त्याला लागून ३ फुटांचा ओटा, ५ इंच जाड, ५ घनफूट. एकूण ३७.६, नासधुशीसह ४२ म्हणू. चढीतल्या दीड सुताने फार फरक पडत नाही, तो या ४२ मध्ये सामावतो.

४२ ला १ : दीड : ३ लावलं की सिमेंट १० गोणी, वाळू साडेसतरा घनफूट, खडी पस्तीस. स्लॅबखाली ३ इंच कोबा, म्हणजे हलक्या काँक्रीटचा थर, १ : ४ : ८ चा, सव्वा गोण, वाळू सहा, खडी बारा. कातळ लागला तिथे कोब्याची गरज नाही, फक्त खळगे भरा. भरावाच्या तीन फुटांत मात्र माती काढून दगडाची सोलिंग करा, म्हणजे दगड रचून ठोकून बसवा, आणि मग कोबा. वरचा गिलावा ६२ चौरस फूट, पाऊण इंच जाड, १ : ४: एक गोण आणि पाच घनफूट वाळू.

म्हणजे सिमेंट सव्वाबारा, १३ गोणी आणा. खडी ४७, अर्धा ब्रास. वाळू साडेअठ्ठावीस, पण तेवढीच मागवू नका. ओली वाळू फुगलेली असते, चांगली वीस-पंचवीस टक्के. बरणीत ओली वाळू भरा, पातळीला खूण करा, मग पाणी ओतून ढवळा. खाली किती बसते ते दिसेल. म्हणून ३५ घनफूट लागेल, अर्धा ब्रास घ्या. उरलेली बाजूच्या पन्हळीला कामाला येईल.

सूतदोरी

काका, सळई?

ओळंबा

नुसत्या कातळावर असतं तर मी सळई टाळा म्हटलं असतं. गंजायला काही नाही, हीच मोठी सोय. पण इथे खालचा भाग कातळावर आणि वरचा भरावावर आहे. अशा जोडावर स्लॅब तडकतोच, म्हणून सळई हवी.

उताराच्या दिशेने १० मिमीच्या ९ सळया, साधारण साडेपाच इंचांवर. आडव्या ८ मिमीच्या १८, आठ इंचांवर. आता लांबी नीट बघा, पैसे इथे वाचतात. सळई १२ मीटरची येते. उभी सळई ४.३ मीटर ठेवली तर एका सळईतून दोनच तुकडे निघतात आणि ३.४ मीटरचा निरुपयोगी तुकडा उरतो, म्हणजे ५ सळया विकत घ्याव्या लागतात. तीच ४ मीटर ठेवली, दोन्ही टोकांना फूटभर टाचेत आणि ओट्यात वळवायला पुरते, तर एका सळईत तीन तुकडे बसतात आणि तीन सळयांत काम होतं. ८ मिमीच्या दोन पुरतात. वजन: व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला किती किलो. सगळं मिळून ३२ किलोच्या आत. बांधायची तार अर्धा किलो.

तळाशी दोन इंचांचे काँक्रीटचे ठोकळे ठेवून सळई उचला. दगडाच्या कपच्यांवर टेकवलेली सळई मला चालत नाही.

कातळसडा

एक भर घालतो. वाळू खाडीची घेऊ नका, स्वस्त मिळाली तरी. मीठ सळईला खातं. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) घेत असाल तर धुतलेली घ्या, पावडर जास्त असेल तर पाणी जास्त मागते.

काका, ताईंचं घर समुद्रापासून किती लांब आहे यावरही असेल ना?

ओळंबा

अगदी. आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, किनाऱ्यावर उघड्या राहणाऱ्या सळईच्या कामाला एम-३० ताकदीचं काँक्रीट मागितलं आहे, आणि १ : दीड : ३ हे एम-२० समजतात. घरातून समुद्र दिसत असेल तर घमेल्यांच्या प्रमाणावर विसंबू नका, मिश्रण डिझाइन करून घ्या. ताई, तुमचं?

पागोळी

समुद्र लांब आहे काका, मध्ये दोन डोंगर. खाडीसुद्धा दिसत नाही. वाळू धुतलेली क्रश सँडच सांगते.

घमेल्याचं मात्र मला भय वाटतं. मिस्त्रींचे गडी घमेली मोजून टाकतात आणि प्रत्येक घमेलं वेगळं भरतं.

ओळंबा

म्हणून लाकडी पेटी करा. तळ नसलेली, आतून १ × १ फूट आणि १५ इंच उंच. ती सव्वा घनफूट, म्हणजे साधारण एका गोणीइतकी. एक गोण, दीड पेटी वाळू, तीन पेट्या खडी. पेटी जागेवर ठेवा, भरा, काठाला फळी मारा, उचला. मोजमापाचा वाद संपला.

पाणी एका गोणीला ३० लिटर, त्याच्या पुढे नाही. वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. पायऱ्यांना तर घट्टच माल हवा; पातळ केला की वरच्या पायरीचं वजन पडून खालची फळीखालून फुगते. खालून वर ओतत या, प्रत्येक पायरी सळईने कोचून. पायऱ्यांच्या फळ्यांची खालची कड बाहेरच्या बाजूने तिरपी तासून घ्या, नाहीतर थापी कोपऱ्यात पोहोचत नाही.

परसदार

मी बांधकामातली नाही, बागेतली. पण पाण्याबद्दल बोलू दे. रस्त्यावरून येणारं पाणी आधी पायऱ्यांच्या डोक्यावर अडवा. ओट्याच्या वरच्या कडेला आडवी चर आणि ती एका बाजूच्या पन्हळीत सोडा. पायऱ्यांना पुढच्या बाजूला फुटाला पाव इंच ढाळ. पाणी साचलं की आठ दिवसांत शेवाळ, आणि शेवाळावर ताईंची आई चालणार आहे. घोटून गुळगुळीत करू नका, निरूही (नुसत्या सिमेंटचा गुळगुळीत लेप) नको. ओलं असताना काथ्याचा ब्रश आडवा ओढा. आणि डाव्या हाताला पाईपचा कठडा, त्याच्या पायासाठी काँक्रीट ओतायच्या आधीच भोकं सोडून ठेवा.

कातळसडा

गिलाव्याबद्दल एक. आठ दिवसांनी वेगळा मारलेला गिलावा कोकणात टिकत नाही, खालून पोकळ वाजतो आणि कडेने सुटतो.

ओळंबा

खरं आहे. त्याच दिवशी, काँक्रीट हिरवं, म्हणजे अजून ताजं असतानाच मारा. आणि तो पाऊण इंच हिशेबात धरून फळ्या लावा. गिलाव्याने प्रत्येक पायरी पाऊण इंच वर येते, पण अंगण आणि रस्ता जागचे हलत नाहीत. म्हणून खालची कच्ची चढ साडेपाच इंचांना अर्धं सूत कमी ठेवा, आणि शेवटची कच्ची चढ सात इंचांना अर्धं सूत कमी येईल. गिलावा झाला की सगळ्या ६ इंच दीड सुताच्या होतात. अंगणात पुढे फरशी घालणार असाल तर तिची जाडीही आत्ताच सांगा.

पागोळी

फरशी नाही, शेणाचं सारवण आईला हवंय. मिस्त्रींना काल फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ताई, मी ठोकळाच धरला होता, भरावाचं मला माहीतच होतं. तिरपा स्लॅब करू, पण कातळ तासायची मजुरी वेगळी." ते मला रास्त वाटलं.

पागोळी (साडेसहा आठवड्यांनी)

झालं मंडळी. आधी आकडे देते.

सिमेंट १३ आणल्या, बारा आणि घमेलंभर लागली. उरलेली पन्हळीच्या तोंडाला गेली. खडी आठ-दहा घमेली उरली. वाळू मात्र अर्ध्या ब्रासची जवळपास सगळी संपली, कारण पन्हळ ठरल्यापेक्षा लांब करावी लागली. सळया ३ आणि २, एक वीतभरही तुकडा जास्त राहिला नाही. मिस्त्रींनी दोनदा मोजलं आणि मग मला म्हणाले की पुढच्या कामालाही अशीच कापून बघतो.

जे कोणाच्याच हिशेबात नव्हतं ते असं: अंगण आडवंही उतरतं. चार फुटांत डावीकडून उजवीकडे दीड इंच. पहिली पायरी डावीकडे बरोबर आणि उजवीकडे दीड इंच जास्त उंच दिसायला लागली. ते फळ्या लावल्यावर कळलं. पायरी तिरपी करायला मिस्त्रींनी साफ नकार दिला. अंगणाचा तेवढा कोपरा मुरूम टाकून, ठोकून वर आणला, आणि पाणी जायला त्याच्या कडेने चर ठेवली.

कातळ तासायला तीन दिवस गेले, त्या मजुरीत बऱ्याच गोणींची बचत संपली. तरी भरावावर ठोकळा नाही, याचं समाधान जास्त आहे.

ओळंबा

आडवा उतार मी विचारायला हवा होता, ताई. पाणी किती दिवस मारताय?

पागोळी

आज अकरावा दिवस. सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं) आहे म्हणून मिस्त्रींनी १० दिवस सांगितले होते, पण ऊन फार आहे. गोणपाट घालून आई स्वतः सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडते, कोणाला करू देत नाही. कठड्याचा पाईप परवा येतोय. त्याची उंची किती ठेवू, ३ फूट की आईच्या कोपराच्या मापाने?

परसदार

आईच्या मापाने. तिला तिसऱ्या पायरीवर उभं करा आणि हात नैसर्गिक जिथे टेकेल तिथे खूण करा.